परभणीची वही, सातवी गोष्ट: ही ‘स्टार ट्रेक’च्या कोणत्या भागाची आहे?

दुधनाकाठ (धागालेखक)

नमस्कार. मागच्या महिन्यात परभणीचे आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक दोनशे पानी वही सापडली. पुठ्ठ्यावर ताईच्या अक्षरात ‘आकाशजहाज’ एवढेच लिहिलेले आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळजहाजाची अमेरिकन मालिका लागत असे, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि ताई तेरा वर्षांची. मालिका इंग्रजीत होती. आमचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, पण त्या वेगाने बोललेले इंग्रजी त्यांनाही उमगत नसे, मग गल्लीतल्या इतरांची काय कथा! म्हणून डोळ्यांनी पाहायचे, चेहऱ्यांवरून अर्थ लावायचा आणि दुपारी जेवणे झाली की त्या दिवशीची गोष्ट ताईने वहीत उतरवायची, असा आमचा नेम होता. वहीत एकूण २३ गोष्टी आहेत.

पुढे शिक्षण, नोकरी आणि शेती यांत ती मालिका माझ्याकडून कायमची मागे पडली. वही हाती आल्यावर मात्र मी भागांचे सारांश मिळवून एकेक गोष्ट ताडून पाहिली. त्यांपैकी १४ गोष्टी मूळ भागांशी जुळल्या, काही तर आश्चर्य वाटावे इतक्या नेमक्या. उरलेल्या नऊ जुळत नाहीत. त्यांतली सातवी ताईच्याच शब्दांत देतो:

‘जमिनीखाली मोठी खाण आहे. तिथला एक प्राणी दगडातून असा जातो जसं आपण पाण्यातून जातो. तो माणसांना जाळतो. खाणवाल्यांना गोल गोल दगड सापडलेत, ते त्यांनी टेबलावर ठेवलेत. टोकदार कानाचे काका प्राण्याला हात लावतात आणि स्वतःच ओरडतात, कारण प्राण्याला लागलेलं आहे. प्राण्याच्या बिळात तसलेच गोल दगड भरलेले होते, म्हणजे ती त्याची अंडी. मग अंडी जहाजावर आणली. ती फुटून मऊ केसांची पिल्लं निघाली. ती चावत नाहीत, नुसती घुरघुरतात. पिल्लं इतकी झाली की कप्तानसाहेबांनी कोठीचं दार उघडलं तर त्यांच्या अंगावर ढीगच पडला. सगळे हसले. आईला पिल्लं परत दिली का नाही ते दाखवलं नाही.’

खाणीचा अर्धा भाग मला सापडला आहे. मार्च १९६७ मध्ये अमेरिकेत प्रथम दाखवल्या गेलेल्या ‘द डेव्हिल इन द डार्क’ या भागात खाण, प्राणी आणि अंडी हे सर्व आहे. परंतु त्यात अंडी जहाजावर येत नाहीत आणि मऊ केसांची पिल्ले तर कुठेच नाहीत. ती ताईने मनाने घातली, की हा आणखी कुठला भाग आहे?

प्रश्न एवढाच असता तर दोन ओळींत विचारला असता. पण गेला महिनाभर मी त्या मालिकेमागच्या माणसांविषयी मिळेल ते वाचतो आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के होत चालले आहे, तेही इथे मांडतो. दूरचित्रवाणीवरची विज्ञानकथा ज्यांनी घडवली त्यांची ती आहेच, परंतु ज्यांनी ती राखली त्यांचाही तिच्यावर तेवढाच हक्क आहे.

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिचे जनक जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते आणि नंतर काही वर्षे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात होते. दुसऱ्या वर्षीच मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. प्रत्येकाने दहा जणांना लिहायला सांगायचे आणि त्या दहांनी आणखी दहा जणांना, हा त्यांचा नियम होता. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या विज्ञानसंस्थेचे विद्यार्थी मशाली घेऊन वाहिनीच्या कार्यालयावर गेले. एक लाखाहून अधिक पत्रे आली आणि अखेर १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने भाग संपल्यावर पडद्यावरूनच जाहीर केले की मालिका चालू राहील. तिसऱ्या वर्षानंतर, जून १९६९ मध्ये, ती ७९ भागांवर थांबली हे खरे. पण त्यानंतर स्थानिक केंद्रांवरून तेच भाग पुन्हापुन्हा दाखवले जाऊ लागले आणि जानेवारी १९७२ मध्ये चाहत्यांनी न्यूयॉर्कमध्ये संमेलन भरवले, तेव्हा काही शे माणसांची अपेक्षा असताना तीन हजारांवर माणसे आली.

मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट मात्र १९६७ मधली आहे. त्या वर्षी चाहत्यांनी ‘स्पॉकानेलिया’ नावाचा अंक काढला, केवळ या मालिकेला वाहिलेला पहिला अंक, आणि तो सायक्लोस्टाइलवर काढलेला होता. हे वाचल्यावर मी वही बाजूला ठेवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या वडिलांच्या शाळेत प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवरच निघत. मेणाच्या निळसर स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने कोरायचे, जोर जास्त झाला तर ‘ठ’ आणि ‘ळ’ यांचे पोट फाटून शाईचा गोळा उमटायचा, मग फाटलेल्या जागी लाल द्रव लावून तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचे. सहामाही परीक्षा झाल्यावर वडिलांनी मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन, कागद स्वतःचा आणून, वहीतल्या तिसऱ्या गोष्टीच्या २० प्रती काढू दिल्या होत्या. ताईने जहाज कोरले, मी हँडल फिरवले. तो अंक निघाला त्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कोणी तरी आमच्या आधी हेच करून बसले आहे, हे आम्हाला कसे कळणार?

सातवी गोष्ट ओळखता आली तर कृपया सांगावे. कोणाकडे अशा वह्या, कात्रणे, कॅसेटी असतील तर त्याविषयीही लिहावे.

आसनाकाठची

दादा, ताईंच्या वहीबद्दल वाचून फार आनंद झाला. पिल्लांचे कोडे मला सुटत नाही, पण राखणाऱ्यांबद्दल तुम्ही जे म्हणता त्यात एक भर घालते. त्या मालिकेत घडवणारी आणि राखणारी माणसे वेगवेगळी नव्हती. डी. सी. फोंटाना रॉडनबेरींच्या सचिव म्हणून काम करीत होत्या, त्या पुढे कथासंपादक झाल्या आणि स्पॉकच्या, म्हणजे ताईंच्या वहीतल्या टोकदार कानांच्या काकांच्या, घरच्या माणसांची सगळी गुंतागुंत त्यांनी लिहिली. नाव डोरोथी, पण लेखनाखाली आद्याक्षरेच घालत, कारण बाईचे नाव पाहून संहिता बाजूला पडू नये. पहिल्या संमेलनांमागे आणि अंकांमागे तर बहुतांश स्त्रियाच होत्या. घरचे आवरून, रात्री टंकलेखन यंत्रावर बसून, टपाल हशिल स्वतः भरून त्या अंक पाठवत.

माझ्याकडे राखण्याजोगे होते, ते गेले. १९९८ मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली, तेव्हा माझ्या भावाने व्हिडिओ कॅसेटवर तिचे सात-आठ भाग उतरवून घेतले होते. काही वर्षांपूर्वी मी ती कॅसेट सीडी करण्यासाठी एका दुकानात दिली. पंधरा दिवसांनी परत मिळाली ती रिकामी होती. त्यांनी चाचणी घेण्यासाठी म्हणून तिच्यावरच कोणाच्या तरी मुंजीचे चित्रण उतरवले आणि मग तेही पुसले. भावाला अजून सांगितलेले नाही.

खडकेश्वर

आसनाकाठच्या ताईंना जे दुःख झाले तेच दुःख बीबीसीने एका संपूर्ण देशाला दिले आहे, म्हणून त्यांच्या ‘डॉक्टर हू’ या कालप्रवासाच्या मालिकेबद्दल जरा सविस्तर लिहितो. ही मालिका मी लहानपणी पाहिलेली नाही. आमच्या औरंगाबादेत म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून जे येईल तेच दिसायचे आणि त्यात ही नव्हती. नोकरीच्या काळात ती पाहिली आणि तेव्हापासून सोडलेली नाही.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती आणि त्या संध्याकाळी ब्रिटनच्या काही भागांत वीजही गेली होती, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. लाईट गेल्यामुळे भाग चुकला तर तो पुन्हा दाखवतील, ही कल्पनाच आपल्याकडच्या माणसाला हेवा वाटावा अशी आहे. त्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौला १९३८ मध्ये जन्मलेले, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव, वय अवघे २४. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांच्या आणि त्या विभागातल्या एकमेव स्त्री निर्मात्या. लाइम ग्रोव्हमधला स्टुडिओ इतका जुना आणि कोंदट होता की दिव्यांच्या उष्णतेने छतातले आगविझव्या पाण्याचे फवारे सुरू होत. एक तरुण बाई आणि एक भारतात जन्मलेला तरुण, यांच्या हाती दिलेली ती मालिका आज साठ वर्षांनंतरही सांगितली जाते आहे.

शीर्षकसंगीताबद्दल तर वेगळा धागा काढावा लागेल. चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती प्रत्यक्षात ऐकू आली ती डेलिया डर्बीशायर यांच्या हातांतून. त्या केंब्रिजला गणित आणि संगीत शिकल्या होत्या. सिंथेसायझर नव्हता. प्रत्येक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, फीत हवी तेवढी ब्लेडने कापायची, चिकटवायची आणि पुढच्या स्वराला जोडायची. लोक ज्याला यंत्राचे संगीत म्हणतात ते शिंप्याच्या कामासारखे, बोटांनी बेतलेले आणि जोडलेले आहे. नायक ज्या निळ्या पेटीतून कालप्रवास करतो तिचा तो विलक्षण आवाजही ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून काढला.

आता दुःखाची गोष्ट. चित्रफिती महाग होत्या, पुनःप्रसारणावर करारांची बंधने होती आणि रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून बीबीसीने १९६७ ते १९७८ या काळात जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मही टाकून दिल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आज चित्ररूपात नाहीत. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आहे! तो बीबीसीने जपलेला नाही. त्या काळच्या शाळकरी पोरांनी दूरदर्शन संचापुढे टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्यांना गप्प बसवून, दर शनिवारी तो मुद्रित केला होता. त्या आवाजावर पुढे रेखाचित्रांच्या साहाय्याने हरवलेले भाग पुन्हा उभे केले गेले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका प्रक्षेपण केंद्राच्या अडगळीत फिल्मचे डबे मिळाले आणि हरवलेले नऊ भाग परत आले, तेही शोधणारा माणूस आफ्रिकेत केंद्रामागून केंद्र पालथे घालत हिंडला म्हणून.

तेव्हा तुमच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जिथे मालकाने टाकले तिथे पाहणाऱ्याने उचलले.

बिंदुसरा

लेख आणि प्रतिसाद मनापासून आवडले, तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि ते स्पष्ट म्हणतो. चाहत्यांना आपण फार मोठे श्रेय देऊ लागलो की ज्यांच्या पोटावर पाय आला ते कारागीर पुन्हा एकदा मागे पडतात. खडकेश्वर यांनी डेलिया डर्बीशायर यांच्याविषयी लिहिले, त्यात हेही हवे की मानधनाचा अर्धा वाटा त्यांना द्यावा असे ग्रेनर स्वतः म्हणत असताना संस्थेच्या नियमात ते बसले नाही, आणि पडद्यावर त्यांचे नाव प्रथम आले ते २०१३ च्या पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात, त्यांच्या मृत्यूनंतर १२ वर्षांनी. डॅलेक या यंत्रशत्रूंचा आकार रेमंड क्युसिक यांनी काढला. त्यांची खेळणी देशभर खपली. क्युसिक पगारी नोकर, म्हणून त्यांच्या हाती बक्षिसाची किरकोळ रक्कम पडली. ‘स्टार ट्रेक’मधला उघडमीट होणारा संभाषक वा चँग (Wah Chang) नावाच्या कारागिरांनी घडवला, श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. एक लाख पत्रांपैकी किती पत्रांत या माणसांची नावे होती?

शिवाय पत्रांनी मालिका वाचली असे आपण म्हणतो, पण वाहिनीने तिसऱ्या वर्षी तिला शुक्रवारी रात्री दहा वाजता ढकलले. ज्या तरुणांनी पत्रे लिहिली ते त्या वेळी घरात नसायचे. पैसाही कमी केला. मालकाने द्यायचे तेवढेच दिले.

तिसरे आपल्याकडचे. बीडला आमच्या पेठेत १९८५-८६ च्या सुमाराला दूरदर्शन संच दोन घरी होता. रविवारी ज्यांच्या अंगणात संच बाहेर काढून ठेवायचे तिथे चाळीस-पन्नास माणसे बसायची, पुढे पोरे, मागे बाया, कडेला गडी माणसे, आणि एक जण गच्चीवर अँटेना धरून. मुंग्या आल्या की सगळे अंगण एका सुरात वर ओरडायचे, ‘जरासं डावीकडं!’ दूरदर्शनने आम्हाला कधी विचारले नाही की ही मालिका हवी की नको, आणि एके रविवारी ती दिसेनाशी झाली तेव्हा कोणाला पत्र लिहावे हे त्या अंगणातल्या कोणालाही सुचले नाही. चाहता होण्यासाठीही पत्ता माहीत असावा लागतो.

दुधनाकाठ

बिंदुसरा, तुमचे म्हणणे मी टाळू शकत नाही. कारागिरांच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात आणि माझ्या पहिल्या लेखात ती उणीव होती. मात्र एक गोष्ट जोडतो. डर्बीशायर यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते संस्थेमुळे राहिले नाही. वा चँग यांचे नाव आज तुम्हाला मला ठाऊक आहे तेही श्रेयनामावलीतून आलेले नाही. कोणी तरी विचारत गेले, कोणी तरी सायक्लोस्टाइल अंकात छापत गेले, म्हणून ती नावे उरली. राखणे म्हणजे केवळ फीत राखणे असे मला म्हणायचे नव्हते, हाताचे नाव राखणेही त्यातच येते.

तुमचे अंगण मात्र माझ्या वहीपेक्षा मोठे आहे. त्या चाळीस-पन्नास माणसांपैकी कोणाला काय आठवते, ते विचारून इथे लिहाल का?

औंढ्याहून

थोडक्यात लिहितो, कामावर निघायचे आहे. ‘स्टार ट्रेक’मधल्या उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना राहण्याचा आग्रह केला, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यांनी पुढे नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवार मिळवण्याचे काम सत्तरच्या दशकात केले. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन यांनी उहुरापासून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे. चाहत्यांच्याच पत्रांमुळे नासाच्या पहिल्या स्पेस शटल यानाचे नाव १९७६ मध्ये ‘एंटरप्राइज’ ठेवले गेले. ते यान अवकाशात कधी गेले नाही, चाचणीपुरतेच उडाले, पण नाव लागले.

आमच्या तालुक्यात लायगो-इंडिया प्रकल्प होतो आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा, गुरुत्वीय लहरी टिपणारा. २०२३ मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली. माझी पुतणी नववीत आहे. तिला ‘कृष्णविवर’ हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधी एका मालिकेतून कळला आणि आता ती रस्त्याने जाताना त्या जागेकडे बोट दाखवून मला समजावून सांगते. हे या धाग्यात बसते असे वाटले.

जुना_बूस्टर

लातूरहून. आमच्या पिढीला हिंदी मालिकांनी धरले, त्यांचाही उल्लेख व्हावा. १९८९ ची आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’, जीत मुलांचा घरी जोडलेला संगणक त्यांना काळाच्या पलीकडे नेतो, ती मी एकही भाग न चुकवता पाहिली. त्यात काम करणारा करण जोहर पुढे दिग्दर्शक झाला, हे नंतर कळले. ‘स्पेस सिटी सिग्मा’ होती. ‘कॅप्टन व्योम’ केतन मेहता यांची, मिलिंद सोमण नायक. आज आपण त्यांचे पुठ्ठ्याचे नेपथ्य पाहून मान हलवतो, मला ते योग्य वाटत नाही. ‘स्टार ट्रेक’मध्ये माणसे झगमगत अदृश्य होऊन ग्रहावर उतरतात, ती कल्पनाही दर आठवड्याला जहाज उतरवण्याचा खर्च परवडत नाही म्हणून निघाली होती. पैसा नसला की कल्पनेला काम लागते, तिथेही आणि इथेही.

बिंदुसरा म्हणतात तसा पत्ता आपल्याजवळ नव्हता, हे दूरचित्रवाणीपुरते खरे आहे. छापील विज्ञानकथेच्या बाबतीत मराठीत पत्ता होता. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्येच स्थापन झाली, म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्याच वर्षी. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली, ती जयंत नारळीकरांची होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी नाव घेतले आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला बक्षीस मिळाले. स्पर्धा, वाचनालय, दिवाळी अंक आणि वाचकांचा पत्रव्यवहार, हाच आपला चाहतावर्ग होता. माझ्या मते आपण मालिकेच्या चाहत्यांचे संमेलन शोधत बसलो आणि वाचनालयाच्या ओट्यावरचे संमेलन डोळ्यांआड केले. लातूरच्या आमच्या वाचनालयात एकच दिवाळी अंक फिरून फिरून शिवण उसवेपर्यंत वाचला जायचा आणि शेवटच्या कोऱ्या पानावर मुले कथेचा पुढचा भाग पेन्सिलीने लिहायची. ग्रंथपाल रागावत नसत.

एक उदगीरकर

दुधनाकाठ, आपली सातवी गोष्ट सापडली असे मला वाटते. ती दोन भागांची आहे.

पहिला अर्धा भाग आपण ओळखलाच आहे. तो दगडातून जाणारा प्राणी म्हणजे हॉर्टा. यानोस प्रोहास्का या कसरतपटूने तो पोशाख स्वतः बनवला आणि तो पांघरून हातापायांवर रांगत भूमिका केली. त्या भागाच्या शेवटी अंडी फुटतात ती खाणीतच, आणि पिल्लांना आईजवळ राहू दिले जाते.

केसाळ पिल्ले मात्र ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागातली आहेत, डिसेंबर १९६७ चा भाग. ते मऊ घुरघुरणारे गोळे म्हणजे ट्रिबल, ते भराभर वाढतात, धान्याची कोठी फस्त करतात आणि कप्तान कर्कने दार उघडताच त्याच्या अंगावर कोसळतात, अगदी ताईंनी लिहिले आहे तसे. कृत्रिम केसांच्या कापडाचे सुमारे ५०० गोळे शिवले होते, घडण पुन्हा वा चँग यांचीच. आणि या धाग्याच्या विषयाला धरून महत्त्वाचे म्हणजे, हा भाग लिहिणारे डेव्हिड जेरल्ड तेव्हा २३ वर्षांचे होते, मालिका पाहून भारावलेले आणि नुकतेच महाविद्यालयात असलेले. पुढच्या काळातल्या नव्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेने तर बाहेरच्यांच्या संहिता वाचण्याचे धोरणच ठेवले आणि रोनाल्ड मूर या चाहत्याची संहिता स्वीकारली गेली, तो पुढे तिथलाच लेखक झाला.

प्रश्न एवढाच राहतो की दोन वेगळ्या रविवारच्या गोष्टी ताईंनी एक का केल्या. गोल अंडी आणि गोल पिल्ले, जोड इतकी सहज आहे की ती मुद्दाम केली असे वाटत नाही. पहिला भाग शेवटापर्यंत पाहिला असता तर अंडी फुटून काय निघाले ते त्यांना कळले असते. म्हणजे शेवट त्यांनी पाहिलाच नाही. वहीत त्या जागी काही खूण आहे का?

दुधनाकाठ

उदगीरकर, आपले आभार कसे मानावेत कळत नाही. आपला प्रतिसाद वाचून मी लगेच वही काढली. ‘म्हणजे ती त्याची अंडी’ आणि ‘मग अंडी जहाजावर आणली’ या दोन वाक्यांच्या मध्ये, समासात, शाईने काढलेली करंगळीच्या नखाएवढी रॉकेलची चिमणी आहे. काच, वात, खाली टाकीचा गोल, सगळे नीट. मी ती नक्षी समजत होतो, कारण ताईला समासात काही ना काही काढण्याची सवय होती.

रात्री ताईला सेलूला फोन लावला. चिमणीचे विचारले तर ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, ‘लाईट गेली की चिमणी काढायची, असं आपलं ठरलं होतं ना? पुढच्या रविवारी जिथून दिसेल तिथून पुढं लिहायचं.’ हे ठरवलेले मी साफ विसरलो होतो. तिच्या लेखी मालिका एकच सलग गोष्ट होती. रविवारी सकाळी जहाज जिथे दिसेल तिथे मागच्या रविवारपासून चालत आले आहे, असे ती धरून चालत होती. हॉर्टाला पिल्ले परत मिळाली हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, ‘बरं झालं.’ मग विचारले, ‘कुणी सांगितलं तुला?’ मी म्हणालो, उदगीरच्या एका गृहस्थांनी.

नंतर अख्खी वही चाळून चिमण्या मोजल्या. अकरा आहेत. न जुळणाऱ्या नऊही गोष्टींत एकेक आहे. उरलेल्या दोन जुळलेल्या गोष्टींत आहेत, तिथे लाईट लगेच आली असावी. आसनाकाठच्या ताई, वहीचे प्रत्येक पान मी स्वतः घरीच कॅमेऱ्याने टिपून ठेवतो आहे, कुठल्या दुकानात देणार नाही. बिंदुसरा, अंगणातली माणसे विसरू नका.

उदगीरकर, सवड असेल तर अकरावी गोष्ट पाहावी. तिच्यात एका ग्रहावर सगळी लहान मुलेच आहेत, मोठे माणूस एकही नाही, आणि चिमणीनंतर तीच मुले एकाएकी जुन्या रोमन सैनिकांच्या वेशात लढू लागतात. त्या पानाचे छायाचित्र उद्या सकाळी इथे लावतो.